पायपेटीपासून विद्यापीठापर्यंत : मेरी लू विल्यम्स

मेरी लू विल्यम्स हे नाव आपल्या वाचकांपैकी फार थोड्यांच्या कानावर आले असेल. अमेरिकेतील काळ्या समाजाची ओळख आपल्याला मार्टिन ल्यूथर किंग, माल्कम एक्स, रोझा पार्क्स यांच्या नावांनी झाली. त्यांच्या संगीताची ओळख झालीच असेल, तर ती लुई आर्मस्ट्राँगच्या ट्रंपेटमुळे किंवा ड्यूक एलिंग्टनच्या नावामुळे. पण या बड्या नावांच्या मागे बसून, त्यांच्यासाठी सूर लिहून देणारी एक काळी बाई होती. तिने पन्नासहून अधिक वर्षे पियानो वाजवला आणि शेकडो रचना व संयोजने केली. ज्या काळात बँडमध्ये बाई म्हणजे फक्त गाणारी बाई, अशी समजूत होती, त्या काळात ती पुरुषांच्या बँडचा कणा झाली.

आपल्या कुटुंबातील मुलामुलींना हे चरित्र माहीत असावे असे मला वाटते. त्याचे कारण केवळ तिची कला नव्हे. अंगी गुण असूनही त्याचे मोल पदरात का पडत नाही, आणि ते पाडून घ्यायचे तर काय काय करावे लागते, याचा धडा या चरित्रात आहे.

जाझ म्हणजे काय?

प्रथम जाझविषयी दोन शब्द. अमेरिकेत गुलाम म्हणून आणलेल्या आफ्रिकी लोकांच्या वंशजांनी शेतमजुरीची गाणी, प्रार्थनागीते, दुःखाची ब्लूज गाणी आणि लष्करी बँडची वाद्ये यांतून विसाव्या शतकाच्या सुरुवातीला जे संगीत घडवले, ते जाझ. न्यू ऑर्लिन्स हे त्याचे माहेरघर मानतात. यात मूळ चाल ठरलेली असते, पण वाजवणारा त्या चालीवर त्या क्षणी सुचेल तशी नवी बांधणी करत जातो. आपल्या गायन पार्टीतला चांगला पेटीवाला गायकाची ओळ संपताच स्वतःच्या दोन जागा घेऊन पुन्हा समेवर येतो, ते ज्याने ऐकले आहे त्याला जाझ समजायला अवघड जाणार नाही. फरक एवढाच की जाझमध्ये त्या जागा हेच मुख्य जेवण असते.

आईच्या मांडीवर

मेरीचा जन्म ८ मे १९१० रोजी दक्षिणेतील जॉर्जिया राज्यात अटलांटा शहरी झाला. अकरा भावंडांपैकी ती दुसरी. दक्षिणेत काळ्यांचा छळ फार, म्हणून लाखो काळी कुटुंबे त्या वर्षांत उत्तरेकडील कारखान्यांच्या शहरांत जात होती. मेरी चार-पाच वर्षांची असताना तिचे कुटुंबही पोलादाच्या पिट्सबर्ग शहरात आले व ईस्ट लिबर्टी या भागात राहू लागले.

आई व्हर्जिनिया दुसऱ्यांच्या घरची कामे करी. तिच्याकडे एक पायपेटी होती. पायाने भाता मारायचा व दोन्ही हातांनी वाजवायचे असे ते वाद्य. जुन्या संगीत नाटकांत अशी पायपेटी असे. आई वाजवताना लहानग्या मेरीला मांडीवर घेऊन बसे. मेरी तीनेक वर्षांची असताना एके दिवशी आईने सूर वाजवले आणि पाठोपाठ पोरीच्या चिमुकल्या बोटांनी तेच सूर काढले. आई इतकी दचकली की पोर मांडीवरून खाली पडली आणि आई शेजाऱ्यांना बोलवायला बाहेर धावली.

पुढे आईने एक विलक्षण निर्णय घेतला. ती स्वतः शिक्षकाकडून नोटेशन वाचायला शिकली होती. पण त्यामुळे कागद समोर नसला की तिला काही वाजवताच येईना. म्हणून लेकीला शिक्षक लावायचा नाही, असे तिने ठरवले. त्याऐवजी ती गावातल्या वाजवणाऱ्यांना घरी बोलावी आणि मेरी ऐकून ऐकून शिके. कान तयार झाला तो असा. या निर्णयाची एक बाजू पुढे मेरीला भारीही पडणार होती, ते ओघाने येईलच.

विटा, आणि शंभर डॉलरचा चेक

नव्या वस्तीत शेजारी गोरे होते. काळे कुटुंब राहायला आले म्हणून ते घरावर विटा फेकत. मेरी त्यांच्या घरी जाऊन पियानो वाजवू लागली आणि मग कुठे विटा थांबल्या. एका लहान मुलीला स्वतःच्या घरात सुखाने राहता यावे म्हणून आधी शेजाऱ्यांची करमणूक करावी लागली, हे वाचताना कौतुकापेक्षा चीडच अधिक येते.

सहा-सात वर्षांची असल्यापासून ती समारंभांत वाजवून घराला हातभार लावू लागली. सावत्र वडील फ्लेचर बर्ली यांचा तिच्यावर फार जीव. ते तिला आपल्या मोठ्या कोटाखाली दडवून पुरुषांच्या पत्त्यांच्या अड्ड्यावर नेत व तिथल्या पियानोवर बसवत. तिच्यासाठी फिरवलेल्या टोपीत पहिला डॉलर ते स्वतः टाकत, म्हणजे बाकीच्यांना लाजेने टाकावा लागे. आणि घरी येताना आपला डॉलर परत मागून घेत! शहरातल्या एका श्रीमंत घरी वाजवल्याबद्दल तिला एकदा शंभर डॉलरचा चेक मिळाला. आईचा विश्वासच बसेना. रक्कम लिहिताना चूक तर झाली नाही ना, अशी तिने फोन करून खात्री करून घेतली. गावात लोक तिला 'ईस्ट लिबर्टीची छोटी पियानोवाली' म्हणून ओळखू लागले.

पण घरची ओढाताण संपत नव्हती. सावत्र वडील आजारी पडले. पंधराव्या वर्षी शाळा सोडून मेरी एका फिरत्या खेळाच्या कंपनीबरोबर बाहेर पडली. त्याच कंपनीतील सॅक्सोफोन वाजवणारे जॉन विल्यम्स यांच्याशी तिचे लग्न झाले.

बँडमधली बाई

जॉनला 'ट्वेल्व्ह क्लाउड्स ऑफ जॉय' या बँडमध्ये काम मिळाले. १९२९ मध्ये या बँडची सूत्रे अँडी कर्क यांच्याकडे आली व पुढे कॅन्सस सिटी हे त्यांचे ठाणे झाले. बँडला ठरलेला पियानोवाला होता. मेरी फक्त वादकाची बायको. ओक्लाहोमात असताना तर तिने अंत्यसंस्काराचे काम करणाऱ्याकडे मृतदेह वाहून नेणारी गाडी चालवण्याची नोकरीही केली. काम कोणतेही असो, हात रिकामा ठेवायचा नाही, हा तिचा स्वभाव.

संधी आली ती ठरलेला पियानोवाला वेळेवर न आल्यामुळे. रेकॉर्ड कंपनीच्या माणसांपुढे बँडची परीक्षा होती. ऐनवेळी मेरीला बसवले. पुढच्या खेपेला बँड तिच्याविना रेकॉर्डिंगला गेला, तेव्हा कंपनीच्या जॅक कॅप यांनी सांगितले, ती मुलगी कुठे आहे, तिला बोलवा. १९३० मध्ये शिकागोला तिच्या एकटीच्या पियानोची रेकॉर्ड निघाली. एका बाजूला 'ड्रॅग एम', दुसऱ्या बाजूला 'नाइट लाइफ'. 'मेरी लू' हे नावही कॅप यांनीच सुचवले. रेकॉर्ड चांगली खपली आणि वीस वर्षांच्या मेरी लू विल्यम्स यांचे नाव देशभर झाले.

लिहायला शिकल्यावर

मेरी लूंच्या डोक्यात संपूर्ण बँडचे सूर घुमत. सॅक्सोफोन इथे एकत्र यावेत, ट्रंपेटने इथे उत्तर द्यावे, इथे सगळ्यांनी थांबावे. पण हे सांगायचे कसे? नोटेशन लिहिता येत नव्हते. आईने कान दिला होता, लेखणी दिली नव्हती. सुरुवातीला मेरी लू सूर सांगत आणि बँडमास्तर कर्क ते उतरवून घेत. पण दुसऱ्याच्या हाताने किती दिवस लिहिणार? त्यांनी कर्क यांच्याकडूनच लिहिण्याची रीत शिकून घेतली. पहिल्या प्रयत्नांत काही वाद्यांना त्यांनी असे सूर लिहिले की ते त्या वाद्यावर निघणेच शक्य नव्हते. वादक हसले. मेरी लू प्रत्येक वाद्याची उंची-खोली शिकत गेल्या.

या कामाला 'अरेंजर'चे काम म्हणतात. आपल्या हिंदी सिनेमात संगीतकाराचे नाव सगळ्यांना ठाऊक असते. पण पन्नास-साठ वादकांपुढे ठेवायचे नोटेशन लिहिणारे सबॅस्टियन डिसूझा, अँथनी गोन्साल्विस यांच्यासारखे गोव्याचे अरेंजर किती श्रोत्यांना माहीत होते? गाण्याचा थाट त्यांनी उभा केला, ओळख मात्र दुसऱ्यांना मिळाली. जाझ बँडमध्येही तसेच होते. लोक टाळ्या वाजवत बँडमास्तरला.

१९३६ च्या 'वॉकिन अँड स्विंगिन' या रचनेत मेरी लूंची हुशारी दिसते. त्यांना चार सॅक्सोफोनचा भरणा हवा होता. बँडमध्ये तेवढे नव्हते. त्यांनी एका ट्रंपेटचा आवाज दाबून त्याला सॅक्सोफोनच्या रांगेत बसवले आणि नवाच रंग निर्माण झाला. घरात चौघांपुरते पीठ नसताना माउली भाकरी पुरवते, तशी ही युक्ती. याच रचनेतील एक तुकडा पुढे थेलोनियस मंक यांच्या 'रिदम-ए-निंग' या प्रसिद्ध रचनेत ऐकू येतो. ती रचना मंक यांच्या नावाने जगभर वाजते. तुकडा मेरी लूंचा, हे फक्त जाणकारांना ठाऊक.

आता बाहेरचे बँडमास्तरही त्यांच्याकडे नोटेशन मागू लागले. लुई आर्मस्ट्राँग, अर्ल हाइन्स, टॉमी डॉर्सी, बेनी गुडमन. गुडमन हे गोरे, त्या काळचे सर्वांत गाजलेले बँडमास्तर. १९३७ मध्ये त्यांच्यासाठी मेरी लूंनी लिहिलेले 'रोल एम' तुफान चालले. गुडमन यांनी त्यांना फक्त आपल्यासाठीच लिहिण्याचा करार देऊ केला. मेरी लूंनी नकार दिला. ज्याला हवे त्याला लिहून देईन, बांधून घेणार नाही, ही त्यांची भूमिका. पोटाला चिमटा असलेल्या बाईने असा नकार देणे सोपे नव्हते.

हिशेबाची बाजू

माझ्यासारख्या हिशेबाच्या वह्या लिहिणाऱ्या माणसाचे लक्ष आपोआप जमेच्या बाजूकडे जाते. एवढे लिहिले, एवढे वाजवले, मग मिळाले काय?

संगीतात दोन प्रकारचा पैसा असतो. एक, वाजवल्याची मजुरी. ती एकदाच मिळते. दुसरा म्हणजे रॉयल्टी. ती रेकॉर्ड खपेल, रचना वाजेल तितकी मिळत राहते. पण रॉयल्टी मिळते ती कागदोपत्री ज्याचे नाव असते त्याला. १९३० च्या त्या गाजलेल्या पहिल्या रेकॉर्डबद्दल आपल्याला ना मजुरी मिळाली ना रॉयल्टी, असे मेरी लूंनी १९५४ मध्ये एका ब्रिटिश संगीत साप्ताहिकात क्रमशः आलेल्या आठवणींत सांगितले आहे. त्यांची 'व्हॉट्स युअर स्टोरी, मॉर्निंग ग्लोरी' ही रचना १९३८ मध्ये रेकॉर्ड झाली. पुढे १९४८ मध्ये 'ब्लॅक कॉफी' नावाचे गाणे आले व अनेक बड्या गायिकांनी गाऊन गाजवले. दोन्ही चाली शेजारी ठेवून ऐकल्या तर साम्य झाकत नाही. 'ब्लॅक कॉफी'वर रचनाकार म्हणून नावे मात्र दुसऱ्यांची.

हा अन्याय फक्त एकट्या मेरी लूंवर झाला असे नाही. त्या काळी बहुसंख्य काळ्या कलावंतांना कराराची भाषा कळत नव्हती, वकील परवडत नव्हता, आणि रेकॉर्डिंगचा दिवस गमावला तर त्या आठवड्याची चूल पेटत नव्हती. मेरी लू बाई असल्यामुळे त्यांच्यावर हा भार दुप्पट होता. पण त्या या अनुभवातून शिकल्या. पुढे त्यांनी 'सेसिलिया' नावाची स्वतःची संगीत प्रकाशन संस्था काढली आणि 'मेरी रेकॉर्ड्स' ही रेकॉर्ड कंपनीही. एका काळ्या स्त्रीने त्या काळात स्वतःची रेकॉर्ड कंपनी काढणे ही मोठीच गोष्ट होती.

हार्लेममधील घर

१९४२ मध्ये त्यांनी कर्क यांचा बँड सोडला व त्या न्यूयॉर्कला आल्या. तेथे 'कॅफे सोसायटी' या क्लबात त्या वाजवू लागल्या. बार्नी जोसेफसन यांनी १९३८ मध्ये सुरू केलेल्या या क्लबात काळे व गोरे श्रोते शेजारी शेजारी बसत. इतर क्लबांत काळा माणूस वाजवायला चाले, पण खुर्चीवर बसून ऐकायला चालत नसे, अशा शहरात हा मोठाच बदल होता.

बाबासाहेब १९१३ ते १९१६ या काळात ज्या कोलंबिया विद्यापीठात शिकले, त्याला लागूनच हार्लेम हा काळ्या वस्तीसाठी जगप्रसिद्ध असलेला भाग आहे. तिथे हॅमिल्टन टेरेस या रस्त्यावर मेरी लूंचे छोटेसे घर होते. क्लबातले काम आटोपून त्या पहाटे घरी येत आणि मग तरुण वादकांची रीघ लागे. थेलोनियस मंक, बड पॉवेल, डिझी गिलेस्पी, टॅड डॅमरॉन. यांनीच जाझला 'बीबॉप' हे नवे वळण दिले. जुन्या पिढीतले अनेकजण या पोरांच्या संगीताला नावे ठेवत होते. मेरी लू मात्र त्यांना घरी बसवून ऐकत, दुरुस्त करत, खाऊ घालत. मेरी लू कधी जुन्या होतच नाहीत, अशा अर्थाचे ड्यूक एलिंग्टन यांनी त्यांच्याविषयी लिहिले आहे.

१९४५ मध्ये मेरी लूंनी 'झोडिअॅक सूट' ही बारा भागांची मोठी रचना केली. नाव राशींचे असले तरी त्यात भविष्य नाही. प्रत्येक भाग त्या त्या राशीवर जन्मलेल्या ओळखीच्या कलावंतांच्या स्वभावावर रचलेला आहे. तीन भाग तयार होते. बाकीचे त्या रेडिओवरील आपल्या साप्ताहिक कार्यक्रमात वाजवता वाजवता घडवत गेल्या. ३१ डिसेंबर १९४५ रोजी न्यूयॉर्कच्या टाउन हॉलमध्ये ही रचना सादर झाली आणि पुढच्या वर्षी तिचे तीन भाग कार्नेगी हॉलमध्ये मोठ्या वाद्यवृंदाने वाजवले.

थांबल्या, आणि पुन्हा उभ्या राहिल्या

१९५२ च्या अखेरीस त्या थोड्या दिवसांसाठी म्हणून इंग्लंडला गेल्या आणि युरोपात दोन वर्षे राहिल्या. शरीर थकले होते, पैशाची तंगी होती, जवळचे सोबती एकामागून एक दारू व अमली पदार्थांना बळी पडत होते. १९५४ मध्ये पॅरिसमधील एका कार्यक्रमातून त्या मध्येच उठल्या आणि निघून गेल्या. त्यानंतर जवळजवळ तीन वर्षे त्यांनी लोकांसमोर पियानो वाजवला नाही.

या काळात त्या धर्माकडे वळल्या आणि १९५७ मध्ये कॅथलिक झाल्या. पण नुसती प्रार्थना करत बसण्याचा त्यांचा पिंड नव्हता. व्यसनात बुडालेल्या वादकांना त्या आपल्या घरी आणून ठेवत, जेवू घालत, औषधपाणी करत. या कामासाठी त्यांनी 'बेल कांतो फाउंडेशन' ही संस्था काढली आणि तिच्या खर्चासाठी जुन्या कपड्यांचे व वस्तूंचे दुकान चालवले. ज्यांची बोटे पियानोवर पाणी ओतावे तशी फिरत, त्या बाई दुकानात बसून वापरलेले कपडे विकत होत्या. त्यांना यात कमीपणा वाटला नाही.

मित्रांनी, विशेषतः डिझी गिलेस्पी यांनी, आग्रह धरला आणि १९५७ च्या न्यूपोर्ट महोत्सवात त्या पुन्हा पियानोवर बसल्या. पुढे पेरू देशातील मिश्र आफ्रिकी वंशाचे संत मार्टिन दे पोरेस यांच्यावर त्यांनी रचना केली. प्रार्थनेसाठी जाझ रचले; त्यातील एका रचनेवर अल्विन एली यांनी १९७१ मध्ये नृत्य बसवले आणि १९७५ मध्ये ती न्यूयॉर्कच्या सेंट पॅट्रिक्स कॅथीड्रलमध्ये वाजली. मद्यालयातले संगीत म्हणून ज्याला हिणवले गेले, ते शहरातील नामांकित चर्चमध्ये पोहोचले.

प्राध्यापिका

पंधराव्या वर्षी शाळा सोडलेल्या मेरी लूंना १९७७ मध्ये नॉर्थ कॅरोलिना राज्यातील ड्यूक विद्यापीठाने निवासी कलावंत म्हणून बोलावले. दक्षिणेतील हे विद्यापीठ. १९६३ पर्यंत तिथे पदवीच्या वर्गात एकाही काळ्या विद्यार्थ्याला प्रवेश नव्हता. चौदा वर्षांनी तिथेच एक काळी बाई वर्गात पियानोसमोर बसून जाझचा इतिहास शिकवू लागली. त्यांचे वर्ग भरभरून चालत. या संगीताचे मूळ काळ्या लोकांच्या दुःखात आहे, ते विसरून नुसते सूर वाजवू नका, हे त्या विद्यार्थ्यांना आवर्जून सांगत.

२८ मे १९८१ रोजी कर्करोगाने त्यांचे निधन झाले. वय ७१. जाण्यापूर्वी त्यांनी आपल्या नावे संस्था स्थापन केली. उद्देश एकच : सहा ते बारा वर्षांच्या गुणी मुलांना जाणत्या वादकांकडे शिकता यावे. आपण ज्या वयात विटांच्या माऱ्यात शिकलो, त्या वयाच्या मुलांची त्यांनी सोय केली. ड्यूक विद्यापीठाने १९८३ मध्ये त्यांच्या नावाने कृष्णवर्णीय संस्कृती केंद्र सुरू केले. त्यांची हस्तलिखिते व कागदपत्रे रटगर्स विद्यापीठाच्या जाझ अभ्यास संस्थेत जतन केलेली आहेत.

आपल्या घरासाठी

आईने मेरी लूंना कागदापासून दूर ठेवले ते प्रेमापोटी, आणि तिचा कान घडवण्यात ती आई चुकली नाही. पण कानात जे आहे ते कागदावर उतरवता आले तेव्हाच मेरी लू बँडचा कणा झाल्या. आणि कागदावरचे नाव आपले आहे की नाही हे बघायला शिकल्या तेव्हाच त्या स्वतःच्या मालकीण झाल्या. कला, लेखणी आणि हक्काचे नाव, या तिन्ही गोष्टी लागतात. त्यातली एक जरी नसली तरी कमाई दुसऱ्याच्या घरी जाते.

आपल्या वस्त्यांतही गाणी रचणाऱ्या, चाली लावणाऱ्या आयाबहिणी आहेत. कित्येकींच्या वह्या घर बदलताना हरवल्या, कित्येकींची गाणी आज दुसऱ्याच्या नावाने वाजतात. घरात अशी कोणी आई, आजी, मावशी असेल, तर या रविवारी तिच्याजवळ बसा. तिची गाणी एका वहीत उतरवून घ्या. प्रत्येक गाण्याखाली तिचे पूर्ण नाव, गाव आणि तारीख लिहा.